धागा: मत मांडणं आणि सिद्ध करून दाखवणं, पुराच्या वादावरून थोडं मनातलं

कृष्णाकाठी

नमस्कार मंडळी. पावसाळा तोंडावर आला की आपल्या सांगलीतल्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच वाद परत सुरू होतो. एक पार्टी म्हणते महापूर खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळंच येतो, दुसरी म्हणते वरच्या कोयना धरणातनं वेळेवर पाणी सोडत नाहीत म्हणून येतो, तिसरी म्हणते पात्रात बांधकामं करून ठेवल्यात त्याची फळं आहेत ही. वाद व्हावा, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. मला खटकतं ते असं की माणूस बोलायला लागतो तेव्हा ठासून सांगतो, "हे असंच झालंय, सगळ्या जगाला माहितीय", आणि कुणी विचारलं की बाबा कशावरून, तर लगेच म्हणतो "हे माझं मत आहे, मत मांडायचा अधिकार आहे मला". म्हणजे सांगताना ती वस्तुस्थिती असते आणि विचारल्यावर तेच मत होतं.

तीन वाक्यं लिहितो, बघा.

एक, अलमट्टीची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटर करू नये.
दोन, २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या घरात गेलं होतं.
तीन, २०१९ चा महापूर अलमट्टीच्या फुगवट्यामुळं (म्हणजे धरणानं अडवलेलं पाणी मागं तुंबल्यामुळं) आला.

पहिलं मत आहे, मागणी आहे. त्याला कारणं द्यावी लागतात, पण ते "खरं की खोटं" असं कुठल्या पट्टीवर मोजता येत नाही. दुसरं सरळ नोंद बघून तपासता येतं, त्यावर भांडायचंच कारण नाही. तिसरं मात्र दिसायला दुसऱ्यासारखं आणि सिद्ध करायला सगळ्यात अवघड, कारण त्यात नुसतं काय झालं एवढंच नाही, कशामुळं झालं हे पण सांगितलंय. आणि आपल्याकडं सगळ्यात जास्त जोर लावून बोललं जातं ते नेमकं हे तिसरं. तुम्हाला काय वाटतं?

विश्रामबाग_वाला

दादा रागावू नका पण हे सगळं घरात पाणी न शिरलेल्यांचं बोलणं वाटतंय. आमच्या मामांचं घर गावभागात, वरच्या मजल्यावर अडकून पडलेली माणसं आम्ही बोटीतनं काढल्यात. पाणी उतरता उतरत नव्हतं, नदीला जणू खाली वाटच नव्हती, हे डोळ्यांनी बघितलंय. ज्यानं सोसलंय त्याला पुरावा काय मागता? अनुभव हाच पुरावा.

कृष्णाकाठी

रागवायचं काय त्यात. अनुभव पुरावा आहेच, फक्त कशाचा पुरावा ते बघू. पाणी किती चढलं, किती वेळ थांबलं, कुठल्या बाजूनं आलं, उतरताना किती हळू उतरलं, या सगळ्याची तुमची साक्ष पक्की आणि ती कुठल्याही अहवालात यायलाच पाहिजे. पण पाणी का उतरत नव्हतं हे मामांच्या गच्चीवरनं दिसत नाही, ते खाली कुठंतरी घडतंय. खाली हरिपुरात वारणा फुगलेली असेल, नृसिंहवाडीला पंचगंगा फुगलेली असेल, त्याच्याही खाली बंधारे, पुलांचे भराव असतील, आणि अलमट्टी पण असेल. गच्चीवरनं ही सगळी कारणं सारखीच दिसतात.

निवृत्त_शाखा_अभियंता

चांगला विषय. मी पाटबंधाऱ्यात नोकरी केली म्हणून थोडं सविस्तर लिहितो, लांबलं तर समजून घ्या.

पहिली गोष्ट म्हणजे लोक आकडे टाकतात पण ते कशात मोजलेत हे बघत नाहीत. आयर्विन पुलाची पट्टी फुटात आहे, ४० फुटाला इशारा, ४५ फुटाला धोका. हे फूट पट्टीच्या शून्यापासून मोजलेले. अलमट्टीचा ५१९.६० हा आकडा समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये. ५७ फूट म्हणजे साधारण सतरा मीटरच्या वर झाले, पण ते नुसते ५१९ च्या शेजारी लिहून काहीच कळत नाही. पुलाच्या पट्टीचा शून्य समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे तो आकडा आधी त्यात मिळवावा लागतो, मग दोन्ही पाणी एका मापात येतात. ग्रुपवर फिरणाऱ्या पोस्टमध्ये हा शून्याचा आकडा कधी बघितलाय का कुणी?

टीएमसी आणि क्युसेकचा पण असाच घोळ. टीएमसी म्हणजे साठा, शंभर कोटी घनफूट. क्युसेक म्हणजे सेकंदाला किती घनफूट वाहतंय ते. एक लाख क्युसेकनं अख्खा दिवस पाणी सोडलं तर ८.६४ टीएमसी होतं. कोयना १०५.२५ टीएमसीची. म्हणजे भरलेली कोयना एक लाख क्युसेकनं रिकामी करायची म्हटली आणि वरनं थेंबभरही आला नाही तरी बारा दिवस लागतील. आता "आदल्या दिवशी धरण रिकामं केलं असतं तर पूर आलाच नसता" असं कुणी म्हणालं की हे गणित समोर ठेवा. त्यानं कोयनेच्या व्यवस्थापनाला क्लीन चिट मिळते असं मी म्हणत नाही, आधीपासून थोडं थोडं सोडायला पाहिजे होतं का हा प्रश्न उरतोच. पण एका दिवसाचा दावा तिथंच पडतो.

आता मुख्य मुद्दा, फुगवटा झाला की नाही हे ठरवायचं कसं. खालचं पाणी तुंबलं की वरच्या पाण्याचा उतार कमी होतो. म्हणून आयर्विन, अंकली, राजापूर बंधारा, कर्नाटकातला हिप्परगी बंधारा आणि अलमट्टी, या सगळ्या ठिकाणची त्याच तासाची पातळी पाहिजे आणि तीही समुद्रसपाटीपासून एकाच मापात. धरणाची मंजूर पातळी ५१९.६० आहे म्हणजे त्या तासाला पाणी तिथंच होतं असं धरून चालत नाही, प्रत्यक्ष किती होतं ते नोंदवहीत बघायचं. शिवाय दुसरी तपासणी अशी की तेवढाच विसर्ग असताना २००५ ला आयर्विनला किती फूट पाणी होतं आणि २०१९ ला किती. सारख्या विसर्गाला पाणी जास्त चढत असेल तर खाली अडथळा वाढलाय एवढं सिद्ध झालं. पण कुठला अडथळा, ते अजून नाही झालं! गाळ असेल, भराव असेल, बंधारा असेल. ते एकेक करून वगळत जायचं. काम किचकट आहे, पण करता येण्यासारखं आहे.

अजिंक्यतारा

साताऱ्याहून लिहितोय. आमच्याकडं असाच एक वाद वाघनखांवरून झाला. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधनं वाघनखं आली आणि इथल्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात ठेवली, मी पहिल्या काही दिवसांतच सहकुटुंब जाऊन आलो. काचेच्या पेटीपुढं उभं राहिल्यावर अंगावर काटा आला हे खरंय, आणि ते कुणापुढं सिद्ध करायची मला गरज वाटत नाही.

पण बाहेर आल्यावर वाद सुरू. त्यात तीन गोष्टींची सरमिसळ होते. महाराजांनी १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली अफजलखानाला मारलं, ही एक गोष्ट, आणि तिचे पुरावे वेगळे. लंडनहून आलेली वाघनखं तीच का, हा पूर्णपणे दुसरा प्रश्न. आणि आपल्याला ती बघून आदर वाटतो ही तिसरी. दुसऱ्या प्रश्नावर कुणी शंका घेतली की लोक पहिल्या आणि तिसऱ्यावर हल्ला झाला असं समजून अंगावर जातात.

म्हणून पुरावा काय आहे तेवढं बघूया. वाघनखांच्या पेटीवर मजकूर आहे की ही शिवाजी महाराजांची, साताऱ्याचा रेसिडेंट असताना ग्रँट डफ या ब्रिटिश अधिकाऱ्याला पेशव्यांच्या प्रधानानं दिली. ग्रँट डफ साताऱ्यात आला १८१८ ला. म्हणजे मधे जवळजवळ १६० वर्षांचा काळ, त्यात ती कुणाकडं होती, कुठल्या जामदारखान्यात नोंद होती, त्याचे दुवे आपल्या हातात नाहीत. शिवाय त्याच मजकुरात मारलेल्या सरदाराला मोगल म्हटलंय. अफजलखान आदिलशाहीचा, हे इथल्या चौथीच्या पोराला पण माहितीय. म्हणजे लिहिणाऱ्यानं ऐकीव माहितीवर लिहिलं असणार. त्या म्युझियमनंही हीच ती वाघनखं असं खात्रीनं सांगता येत नाही असंच म्हटलंय. त्यावरून ती खोटी आहेत हे पण सिद्ध होत नाही हां! मजकूर चुकीचा असून वस्तू अस्सल असू शकते. "सिद्ध झालेलं नाही" आणि "खोटं आहे" या दोन गोष्टींत फार अंतर आहे, आणि दोन्ही बाजूची माणसं ते अंतर एका उडीत पार करतात.

मिरजेच्या_बाई

अजिंक्यतारा, शेवटचं वाक्य मी उद्या वर्गात फळ्यावर लिहिणार आहे.

मी हायस्कूलला शिकवते आणि वादविवाद स्पर्धेला परीक्षक म्हणून पण जाते. गुणपत्रिकेत रकाने असतात विषयाची मांडणी, भाषाशैली, आत्मविश्वास, हावभाव, वेळेचं भान. "पुरावा" असा रकानाच नसतो कुठं. मग मुलं काय शिकणार? आवाज चढवायचा, टेबलावर हात आपटायचा, कुठलीतरी चारोळी म्हणायची, आणि मधेच "एका सर्वेक्षणानुसार" म्हणून एक आकडा फेकायचा. मागच्या स्पर्धेत मी एका मुलीला विचारलं, अगं हे सर्वेक्षण कुणी केलं, कधी केलं, तर ती गोंधळली, आणि बाजूला बसलेले दुसरे परीक्षक मला म्हणाले, जाऊ द्या हो बाई, लहान आहे. आठवीतली मुलगी आत्ता नाही शिकणार तर कधी शिकणार? मोठी झाल्यावर तेच "एका सर्वेक्षणानुसार" घेऊन ती ग्रामसभेत उभी राहणार, नाहीतर टीव्हीवर.

आमच्या वर्गात मी आता एकच करते. वर्तमानपत्रातली एखादी बातमी द्यायची आणि निळ्या पेननं जे तपासता येतं ते अधोरेखित करायचं, लाल पेननं बातमीदाराचं मत. पहिल्यांदा मुलं सगळंच निळं करतात. "प्रशासनाच्या ढिसाळ कारभारामुळे पूर" हे पण निळं! हळूहळू त्यांच्या लक्षात यायला लागतं की "पूर" निळा, "ढिसाळ" लाल, आणि "मुळे" हा शब्द कुठल्या रंगात करायचा यावर खरी भांडणं सुरू होतात. तो तास मला सगळ्यात आवडतो.

हळदपेठ

आमच्या धंद्यातलं सांगू का. सांगलीची हळद एक नंबर, हे माझं मत, मरेपर्यंत राहणार. पण सौद्यात माझ्या मताला कोण विचारतंय. खरेदीदार ढिगातनं हळकुंड उचलतो, मोडतो, आतला रंग बघतो, मग बोलतो. बाहेरनं सगळ्या हळकुंडांना पॉलिश सारखंच. मोठा माल असला की लॅबला जातो, कुर्कुमीन किती टक्के ते कागदावर येतं. २०१८ ला सांगलीच्या हळदीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं ते सुद्धा आम्ही बाजारात छाती ठोकून सांगितलं म्हणून मिळालं नाही, कागदपत्रं द्यावी लागली, हळद इथली कशी, वेगळी कशी, पेवात साठवायची पद्धत किती जुनी.

पेवावरनं आठवलं. हरिपुरात जमिनीखालची हळदीची पेवं २००५ च्या पुरात गेली. तेव्हा पण हाच वाद होता, आत्ता पण हाच. वीस वर्षं झाली की.

वाईचा_माणूस

आमच्या वाईत प्राज्ञपाठशाळा आहे, केवलानंद सरस्वतींची परंपरा, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी तिथलेच, पुढं मराठी विश्वकोशाचं काम पण वाईतूनच झालं. लहानपणी तिथल्या एका शास्त्रीबुवांकडून जे कानावर पडलं ते इथं कामाचं आहे म्हणून लिहितो.

न्यायशास्त्रात चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत. खरं काय ते शोधायला दोघं बसतात तो वाद. जिंकायचंच म्हणून बसतात तो जल्प. आणि स्वतःची काहीच बाजू न मांडता समोरच्याचं नुसतं पाडत राहायचं ती वितंडा. आपले ग्रुप बघा आणि तुम्हीच ठरवा तिथं काय चालतं.

दुसरं, हेत्वाभास. दिसायला कारण, पण कारण नव्हे. त्यातला सव्यभिचार म्हणजे जे कारण तुम्ही देताय ते असताना परिणाम नसतो अशी पण उदाहरणं सापडतात. "अलमट्टी भरलेली होती, म्हणून सांगलीत महापूर आला." बरं, मग अलमट्टी भरलेली असते अशी वर्षं पुष्कळ, आणि महापूर आला २००५, २०१९, २०२१ अशा मोजक्या वर्षी. तेव्हा नुसतं भरलेलं असणं हा हेतू पुरत नाही.

निवृत्त_शाखा_अभियंता

वाईकर, मांडणी आवडली, पण एक खुट्टी मारतो. धरण भरलेलं असणं आणि त्याच वेळी वरनं प्रचंड पाणी येणं, ही दोन्ही एकत्र लागत असली तर? मग एकेकटं कारण तपासून दोन्ही सव्यभिचारी ठरतील आणि खरं कारण निसटून जाईल. म्हणून "भरलेली असून पूर नाही" एवढ्यावर अलमट्टी सुटत नाही. "अलमट्टीमुळंच" मधला फक्त च गेला.

वाईचा_माणूस

मान्य. च गेला तरी पुष्कळ झालं.

कृष्णाघाट_तरुण

हे सगळं बरोबर आहे हो पण वडनेरे समितीनं काय केलं? २०१९ च्या पुरानंतर नेमली, २०२० ला अहवाल दिला, त्यात अलमट्टी आणि हिप्परगीचा संबंध नाही असं सांगून मोकळे. सरकारी समिती ती, सरकारला पाहिजे तेच लिहिणार. तो अहवाल आम्ही मानत नाही.

कृष्णाकाठी

भावा, मानू नको. पण "सरकारी आहे म्हणून मानत नाही" याला उत्तर म्हणत नाहीत. अहवाल कुणी लिहिला यावरून त्याच्याकडं सावधपणे बघायचं एवढं ठरतं, तो चूक की बरोबर हे आतल्या आकड्यांवरून ठरतं. कुठली पातळी चुकीची घेतली, कुठल्या तासाची नोंद वगळली, कुठल्या गृहीतकावर गणित उभं आहे, हे एक जरी दाखवलंस तर अख्खी समिती उत्तर द्यायला बांधील. आणि उलट बाजूचे लोक पण तेच करतात, "समितीनं सांगितलंय, विषय संपला". समितीनं सांगितलं म्हणून विषय संपत नाही, तिनं दिलेला पुरावा टिकतो का यावर संपतो. शिवाय त्याच अहवालात अतिवृष्टीबरोबर पूररेषेच्या आतल्या बांधकामांवर पण बोट ठेवलंय, त्यावर दोन्ही पार्ट्या सोयीनं गप्प.

विश्रामबाग_वाला

सगळं वाचलं. एक प्रश्न मनापासून विचारतो. पुरावा द्या पुरावा द्या म्हणताय, पण पुरावा आहे कुणाकडं? तासातासाच्या नोंदी, विसर्ग, दरवाजे कधी उघडले, हे सगळं सरकारच्या कपाटात, आमच्या हातात काय, चिखलानं माखलेला भिंतीवरचा डाग. मग ज्याच्याकडं आकडे तोच कायम जिंकणार आणि ज्याचं घर बुडालं त्यानं तोंड बंद ठेवायचं?

मिरजेच्या_बाई

हा या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे.

कृष्णाकाठी

खरंच आहे, आणि म्हणूनच मी पहिल्या पोस्टमध्ये ती तीन वाक्यं वेगळी केली होती. तुमच्या मामांना "उंची वाढवू नका" म्हणायला २०१९ चं कारण सिद्ध करावं लागत नाही. जो आजची स्थिती बदलायला निघालाय, साडेचार मीटरच्या वर उंची वाढवायची म्हणतोय, त्यानं दाखवायचंय की वरच्या गावांना धोका नाही. कृष्णा पाणीतंटा लवादानं २०१० ला ५२४.२५६ ला परवानगी दिली हे खरं, पण त्यानंतर आपल्याकडं दोन मोठे महापूर येऊन गेलेत, तेव्हा नवी आकडेवारी धरून परत तपासा ही मागणी पूर्णपणे रास्त आहे आणि ती कुणाला खोडता येणार नाही.

पण आपण काय करतो, ही भक्कम मागणी "२०१९ अलमट्टीमुळंच" या अर्धवट दाव्यावर नेऊन उभी करतो. मग समोरचा वकील तेवढा एक दावा पाडतो, आणि त्याबरोबर आपली मागणी पण पडली असं सगळ्यांना वाटतं. नुकसान आपलंच. मला याचा खरोखर त्रास होतो, कारण बुडणारी माणसं आपली आहेत आणि त्यांची बाजू कच्च्या वाक्यांवर लढवली जातेय.

आणि आकडे त्यांच्याकडं आहेत तर ते मागायचे. माहिती अधिकाराचा कायदा २००५ चा आहे, भिंतीवरच्या डागांची उंची पण मोजून ठेवायची, फोटो तारखेसकट ठेवायचे. तो डाग छोटा पुरावा नाही, अभियंता काका सांगतील.

निवृत्त_शाखा_अभियंता

डाग फार मोलाचा. पूर ओसरल्यावर आम्ही गावोगाव हिंडून असल्याच खुणा मोजायचो. पुलावरची पट्टी एका जागेचं सांगते, घराघरावरचे डाग अख्ख्या पाण्याचा आकार सांगतात. डागाची उंची जोत्यापासून मोजा, आणि जोतं समुद्रसपाटीपासून किती ते लेव्हलिंग करून घ्या, कॉलेजातली सिव्हिलची पोरं एका दुपारात करून देतील.

विश्रामबाग_वाला

मामांच्या जिन्यात डाग अजून आहे, मामी रंग देऊ देत नाहीत त्या भिंतीला. या रविवारी टेप घेऊन जातो. अर्जात नेमकं काय काय मागायचं तेवढं लिहून द्या काका.

निवृत्त_शाखा_अभियंता

१ ते १५ ऑगस्ट २०१९ ची तासवार पातळी, आयर्विन, अंकली आणि राजापूर बंधारा. प्रत्येक पट्टीच्या शून्याची समुद्रसपाटीपासून उंची, हे वेगळं लिहून मागा, नाहीतर देत नाहीत. कोयना, वारणा, धोम, कण्हेर यांचा तासवार विसर्ग. २००५ आणि २०२१ चं तेच. हिप्परगी आणि अलमट्टीचं कर्नाटकात मागावं लागेल, तो अर्ज वेगळा करा, इंग्रजीत करा. मसुदा झाला की इथंच टाका, मी बघतो.

अजिंक्यतारा

धोम, कण्हेरच्या नोंदींचा अर्ज साताऱ्यातनं मी टाकतो. उरमोडी आणि तारळी पण घालतो त्यात, ते पाणी पण तुमच्याकडंच येतं.